खामगावची चांदी : सांधा आणि झळाळी

वऱ्हाडात ‘रजतनगरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खामगावच्या चांदीव्यवसायाचा इतिहास कापसाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसाचे भाव चढून खामगाव ही वऱ्हाडातील मोठी कापूसपेठ बनली. या पेठेसाठीच जलंबपासून सुमारे आठ मैलांचा रेल्वेफाटा टाकण्यात आला, तो १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खुला झाला. त्या काळचा रुपया चांदीचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. शेतकरी कुटुंबाची शिल्लक वाळे, तोडे, गोठ यांच्या रूपाने अंगावर राही आणि दुष्काळात मोडीत निघे, त्यामुळे चांदीचा कस, म्हणजे तिची शुद्धता, हा शोभेपेक्षा मोठा प्रश्न होता. खामगावचा लौकिक आजही या कसाशीच जोडला जातो.

कस जपायचा तर सांधा अवघड होतो. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून दोन भाग झाळताना, म्हणजे उष्णतेने जोडताना, वापरायचा डाक हा जोडधातू त्याआधी वितळला पाहिजे, आणि त्यासाठी चांदीत तांबे व जस्त मिसळावे लागते. असा डाक रंगाने किंचित पिवळट असतो आणि कसानेही उणा असतो. तो जितका जास्त लागेल तितकी वस्तू हिणकस होते व सांध्याची रेघ उठून दिसते. यावर कारागिराचा उपाय असा की कडा कानशीने इतक्या नेमक्या बसवायच्या की डाकाला केसाएवढीच जागा उरावी, मग टाकणखार लावून तापवायचे. हा खार पृष्ठावरील मळी विरघळवतो आणि डाक फटीत ओढला जातो. झळाळीचे श्रेय सहसा घासणाऱ्याला दिले जाते, परंतु ते आधी झाळणाऱ्याचे आहे.

घासण्यातही चांदीची स्वतंत्र रीत आहे. ओपणी या गुळगुळीत हत्याराने पृष्ठ दाबून घोटले की धातूचे सूक्ष्म उंचवटे खचून सपाट होतात. धातू झिजत नाही, आणि मोलाच्या धातूत हा फार मोठा लाभ होय. कानशीखाली पडलेला कीसही वाया जात नसे, कारण सोनारांच्या दुकानांतील राख व माती चाळून धातू वेगळा करणारे झारेकरी त्यावरच पोट भरत.

सांधा आणि झळाळी यांचे हेच नाते पुढे एका वेगळ्या धातूतही दिसते, फक्त रीत बदलते. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त पोलाद सिद्ध केले आणि पुढे हे स्टेनलेस स्टील भांड्यांत, कठड्यांत व दुधाच्या नळ्यांत आले. हे पोलाद कठीण असल्याने ओपणीने दबत नाही. ते झिजवूनच आरशासारखे करावे लागते. वेल्डिंगचा फुगवटा ग्राइंडरने उतरवल्यावर अधिकाधिक बारीक कणांचे कागद वापरतात, प्रत्येक वेळी आधीच्या ओरखड्यांना आडव्या दिशेने घासतात आणि ते ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद घेत नाहीत. शेवटी कापडी बफ फिरवतात. उष्णतेने उमटलेला निळसर-तपकिरी थर काढला नाही, तर त्याखालचा क्रोमियम कमी झालेला भाग गंजू शकतो. सांध्यात वायूचे छिद्र राहिले असेल तर पॉलिश ते झाकत नाही, उलट उघडे करते. मग तेवढा भाग पुन्हा वेल्ड करून पहिल्या जाड कागदापासून काम नव्याने सुरू करावे लागते.