आठ आण्यांची गोष्ट: बाळंतपणाची रजा आली कुठून?

आजचा भाग आमच्या घरातून सुरू होतोय.

माझी ताई गेल्या वर्षी बाळंतपणाची रजा संपवून पुन्हा ऑफिसला गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी आईने विचारलं, "कसा गेला गं दिवस?" ताई म्हणाली, "माझ्या जागेवर दुसरीच बसलीये." नोकरी शाबूत होती, पगारही तोच होता. पण तिची टीम, तिने दोन वर्षं सांभाळलेलं काम, सगळं दुसऱ्याकडे गेलं होतं. साहेब म्हणाले होते, "आता तुला हलकं कामच बरं, नाही का?"

मी तावातावाने म्हणालो, "अगं, कायदा आहे ना!" ताई म्हणाली, "कोणता? सांग बरं." आणि मला काही सांगता येईना. म्हणून मग वाचायला बसलो. वाचता वाचता पोचलो थेट शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत, गिरणीच्या दरवाजावर.

गिरणगाव डोळ्यासमोर आणा. लालबाग, परळ. पहाटे भोंगा वाजतो आणि चाळींमधून माणसं बाहेर पडतात. त्यात बायकाही असायच्या. मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. या बायकांवर एक नायकीण असायची. कामावर घ्यायचं कुणाला, काढायचं कुणाला, यात तिचा शब्द मोठा. तिचा हातही अनेकदा ओला करावा लागायचा. कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा.

आता विचार करा, बाई बाळंत झाली की काय होत असेल? पगार बंद. जागेवर बदली. आणि परत घेणार की नाही, ते नायकिणीच्या मर्जीवर. त्यामुळे बायका शेवटच्या दिवसांपर्यंत काम करायच्या आणि बाळंतपणानंतर अंगात ताकद यायच्या आधीच परत यायच्या. बाळाचं काय? अनेक घरांत बाळाला बाळगोळी दिली जायची. त्यात अफू असायची. आई कामावरून येईपर्यंत बाळ झोपून राहायचं. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. माझा भाचा तेव्हा सात महिन्यांचा होता.

याच काळात, १९१९ मध्ये, वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. भारतातल्या कामगारांतर्फे तिथे गेले होते नारायण मल्हार जोशी, मुंबईतल्या सोशल सर्व्हिस लीगचे ना. म. जोशी. लोअर परळजवळचा ना. म. जोशी मार्ग माहितीये ना? तेच ते. या परिषदेत बाळंतपणाबद्दल एक करार झाला. बाळंतपणानंतर सहा आठवडे कामावर यायचं नाही, त्याआधी सहा आठवडे रजा घेता येईल, त्या काळात उदरनिर्वाहाचे पैसे मिळतील, रजेवर असताना कामावरून काढल्याची नोटीस देता येणार नाही, आणि परत आल्यावर बाळाला पाजायला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास सुट्टी. १९१९ मध्ये, मंडळी! भारताने हा करार काही स्वीकारला नाही.

जोशी गप्प बसले नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात याच विषयाचं विधेयक मांडलं. ते नामंजूर झालं.

मग लढाई मुंबईत आली. १९२८ मध्ये आर. एस. आसवले यांनी मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. विरोधकांचा मुद्दा अगदी आजच्यासारखा होता: काम न करणाऱ्या बाईला मालकाने पैसे का द्यायचे? धंद्यावर बोजा का?

२८ जुलै १९२८ ला एक सदस्य बोलायला उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. देशाच्या हिताचं आहे म्हटल्यावर खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारने उचलायला हवा. पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, नाहीतर त्याने त्यांना ठेवलंच नसतं. मग थोडा भार त्यानेही उचलला तर त्यात गैर काय?

हा मुद्दा लक्षात ठेवा. आपण शेवटी त्याच्याकडे परत येणार आहोत.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. भारतातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. बाळंतपणाच्या रजेत बाईला रोज आठ आणे. म्हणजे अर्धा रुपया. रक्कम लहान वाटेल, पण आधी मिळत होता शून्य. आणि मुख्य म्हणजे आता ही मेहेरबानी राहिली नव्हती, हक्क झाला होता.

पण पैसे द्यायचे कुणी? सगळे मालकाने. सरकारचा वाटा त्यात नव्हता. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांमधलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं. कारणं बरीच होती. बायकांना रात्रपाळीला बंदी होती, नवी यंत्रं आली, माणसं कमी करण्याची लाट आली. त्यात हा खर्चही मालक मोजू लागले. ज्या बाईसाठी कायदा केला, तिलाच कामावर घेणं मालकाला महाग वाटायला लागलं.

आता जरा फास्ट फॉरवर्ड करू. १९६१ मध्ये देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा आला, १२ आठवड्यांच्या पगारी रजेचा. तरी एकेक गोष्ट कोर्टात जाऊन मिळवावी लागली. तमिळनाडूतल्या एका मळ्यावरच्या कामगार बाईचा खटला ऐका. मालक म्हणाला, बारा आठवडे म्हणजे कामाचे दिवस ७२, रविवार धरायचे नाहीत. बाई म्हणाली, आठवडा सात दिवसांचा असतो, ८४ दिवसांचे पैसे द्या. बारा रविवारांसाठीचं हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, रविवार धरायचे. पुढे ८ मार्च २०००, बरोबर महिला दिनाच्या दिवशी, दिल्ली महापालिकेतल्या रोजंदारीवरच्या बायकांचा निकाल लागला. कायम नोकरी नसली तरी त्यांनाही हा हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. कंत्राटावर असाल तर हा निकाल विसरू नका.

२०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. आता हे सगळं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे, पण मुख्य तरतुदी त्याच आहेत.

मग ताईच्या प्रश्नाचं उत्तर काय? मी वहीत लिहून काढलं आणि तिला नेऊन दाखवलं.

बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की पगारी रजेचा हक्क मिळतो. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही, आणि त्या काळात नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलताही येत नाहीत. तसं झालं तर ६० दिवसांच्या आत दाद मागता येते. परत आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या, पगार न कापता. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. घरून काम करायचं असेल तर दोघांच्या संमतीने ठरवता येतं.

ताईने वही वाचली आणि विचारलं, "आणि माझी जागा?"

इथेच गोची आहे. परतल्यावर तीच किंवा त्याच तोलाची जागा द्या, असं आपला कायदा थेट शब्दांत सांगत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात ते स्पष्ट लिहिलंय: तीच जागा, किंवा तितक्याच पगाराची तशीच जागा. भारताने तोही करार स्वीकारलेला नाही. म्हणजे रजा सहा महिन्यांच्या आसपास पोचली, पण परत येणारीची खुर्ची अजून बऱ्याच अंशी साहेबांच्या मर्जीवर आहे. नायकीण गेली, मर्जी राहिली.

आणि आंबेडकरांचा तो मुद्दा? खर्च वाटून घ्यायचा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कंपनी ईएसआयखाली येत असेल तर पैसे विम्याच्या निधीतून मिळतात. त्याच्यावर पगार असेल तर २६ आठवड्यांचा सगळा भार एकट्या मालकावर. मग मुलाखतीत "लग्न कधी करणार?" हा प्रश्न का येतो, ते कळतं. हा प्रश्न विचारणं चूकच, पण हिशोबाचं मूळ १९२९ मध्येच आहे.

ताईने काय केलं? साहेबांना ईमेल लिहिला. साधा, चार ओळींचा. मी रजेआधी कोणतं काम करत होते, आता कोणतं दिलंय, आणि हा बदल कुणी, कधी, का ठरवला, ते लेखी कळवा. तोंडी बोलणं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं. उत्तर यायला तीन आठवडे लागले. जुनी टीम नाही मिळाली, पण "हलकं काम" हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही, आणि दिवाळीनंतर तिला तिच्या तोलाचं काम मिळालं.

तुमच्या घरात, ऑफिसात कुणी रजेवर निघाली असेल तर तिला हा भाग पाठवा. आणि निघायच्या आधीच सध्याचं पद आणि काम लेखी घेऊन ठेवायला सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि आईला एक फोन करा!