तिकडे बर्फ, इकडे गंज

थंड देशांत अर्धवट घर हिवाळ्यात सोडताना फरशीखालच्या नळ्यांतलं पाणी काढतात. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं, नळी फुटते. उल्हासनगरात बर्फ नाही. पण पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर उघड्या सोडलेल्या सळ्या आहेत. पावसात त्या गंजतात, गंज फुगतो, काँक्रीट तडकतं.

फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले. 1949मध्ये गावाला नाव मिळालं. पुढे जमेल तसे मजले चढले. 2006मध्ये अनधिकृत बांधकामं नियमित करायला या शहरापुरता कायदाच झाला. अभ्यासकाला आयता दस्तऐवज! तेवढ्यावर भागत नाही. मे 2021मध्ये दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. मग प्रश्न असा विचारायचा: सळ्या किती पावसाळे उघड्या होत्या? मंजूर नकाशाच नसेल, तर मजल्याचं वय घरपट्टीच्या जुन्या नोंदींत शोधा.