इशारादीपाची साक्ष : मोटारीच्या ब्रेक-सूचकाचा इतिहास व खंडित संकेताचे निदान

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रांचा इतिहास लिहिताना अमुक शोध कोणी लावला व केव्हा लावला, ह्या दोन प्रश्नांकडेच अभ्यासकांचे लक्ष विशेषेकरून गेलेले आहे. यंत्र बिघडू लागले म्हणजे ती गोष्ट माणसाला कशी कळावी, ह्या प्रश्नालाही स्वतंत्र इतिहास आहे. परंतु तो बहुधा कार्यशाळांच्या पुस्तिकांत व अपघातांच्या चौकशी-अहवालांत विखुरलेला राहिला. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील एका लहानशा प्रकरणाचा विचार करावयाचा आहे.

मोटार चालवणाऱ्याच्या समोरील फलकावर ब्रेक-पॅडच्या झिजेचा दिवा मधूनच लागतो, थोड्या वेळाने विझतो, दोन दिवस दिसत नाही, आणि पुन्हा एखाद्या वळणावर क्षणभर चमकून जातो. ह्यावर दोन मते तत्काळ ऐकू येतात. एक मत असे की, कोठेतरी वायर सैल असेल, दिव्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. दुसरे असे की, दिवा लागला त्या अर्थी पॅड संपले, ते बदलून टाकावेत. ही दोन्ही मते वरवर परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांच्यातील उणीव एकच आहे. साक्ष देणारा साक्षीदार कशा घडणीचा आहे, हे न पाहताच दोघेही निकाल देऊन मोकळे होतात. इशारादीपाच्या खंडित संकेताचा अर्थ त्याच्या विद्युन्मंडलाच्या रचनेवर अवलंबून असतो, आणि ती रचना ज्या विचारातून आली तो विचार मोटारीपूर्वीच रेल्वेमार्गावर आकाराला आला होता, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. रेल्वेतील पूर्वपीठिका

अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन ह्याने १८७० मध्ये पेन्सिल्व्हेनियातील किन्झुआ येथे स्वयंचलित रेल्वे-सिग्नलचा प्रयोग केला. त्या पहिल्या रचनेत मंडल एरवी खुले असे. गाडी आली म्हणजे प्रवाह वाहू लागे आणि धोक्याची खूण दिसे. रचना चालली, पण तिच्यातील मूलभूत दोष रॉबिन्सनच्याच ध्यानात आला. तार तुटली अथवा बॅटरी उतरली, तर गाडी मार्गावर उभी असतानाही सिग्नल मार्ग मोकळा असल्याचे सांगत राहील. १८७२ च्या पेटंटात त्याने हा क्रम उलटा केला. रुळांतून प्रवाह अखंड वाहावा, आणि तो वाहत आहे तोवरच मार्ग मोकळा समजावा. गाडीच्या चाकांनी दोन रूळ जोडले गेले की रिलेला प्रवाह मिळेनासा होऊन धोक्याची खूण दिसावी. ह्या व्यवस्थेत तार तुटो, बॅटरी उतरो वा रूळ भंगो, परिणाम एकच : धोक्याची खूण. साक्षीदार मेला तर त्याचे मौन ‘सर्व ठीक’ असे वाचले जाऊ नये, हा बंद मंडलाचा सिद्धांत होय.

त्याच वर्षी जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्याने आपल्या हवेच्या ब्रेकला हेच तत्त्व लावले. त्याच्या १८६९ च्या पहिल्या ब्रेकमध्ये दाबलेली हवा नळीतून पाठवली म्हणजे चाके आवळली जात. नळी फुटली तर ब्रेकच उरत नसे. १८७२ च्या स्वयंचलित ब्रेकमध्ये नळीतील दाब कमी झाला की ब्रेक आपोआप लागे. म्हणजे गाडी तुटून दोन भाग झाले तरी दोन्ही भाग थांबत.

ह्या भेदाची किंमत १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे कळून आली. सहलीला निघालेली, मुलांनी भरलेली एक गाडी चढावर अडकली. पुढील डबे आधी नेण्यासाठी गाडीचे दोन भाग करण्यात आले. तिचा निर्वात ब्रेक स्वयंचलित नव्हता. डबे सुटताच मागच्या भागातील ब्रेक निकामी झाला आणि तो भाग उतारावरून मागे धावत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळला. सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून प्रवासी गाड्यांना अखंड व स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले. ज्या तत्त्वाला तंत्रज्ञ सतरा वर्षे ओळखत होते, त्याला कायद्याचे बळ मिळण्यास हा अपघात घडावा लागला.

३. झीज दृष्टीआड कशी झाली

मोटारीच्या आरंभकाळात झिजेचा इशारा देण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज नव्हती. ढोलाच्या ब्रेकमध्ये आतील अस्तर झिजले की पेडल अधिकाधिक खाली जाई. चालकाचा पाय हाच सूचक होता, आणि तो अखंड काम करी. मिस्त्रीने ब्रेक ‘आवळून’ देणे हा नेहमीच्या देखभालीचा भाग असे.

चकतीच्या ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर ह्याने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. परंतु धातूवर धातू घासल्याने होणारा कर्कश आवाज आणि अस्तराचा जलद क्षय ह्यांमुळे ती मागे पडली. १९५३ च्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे चकती-ब्रेक बसवलेल्या जॅग्वार गाडीने टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन ह्यांच्या हाती विजय मिळवला, तेव्हा ह्या ब्रेकचे श्रेष्ठत्व सर्वांच्या नजरेत भरले. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ह्या गाडीबरोबर तो मोठ्या प्रमाणावर सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला.

ह्या बदलाचा एक परिणाम मात्र इतिहासकारांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. चकती-ब्रेकमध्ये पिस्टनभोवती रबराचे चौकोनी छेदाचे कडे असते. ब्रेक दाबला की ते किंचित पिळते आणि पाय उचलला की पूर्ववत होताना पिस्टनला थोडेसे मागे घेते. पॅड झिजला की पिस्टन तेवढाच पुढे सरकून तेथून पुन्हा काम करू लागतो. अशा रीतीने हा ब्रेक स्वतःची झीज स्वतःच भरून काढतो. पेडल नव्या पॅडला जितके खाली जाते, जवळजवळ तितकेच झिजलेल्या पॅडलाही जाते. सोय वाढली आणि त्याच सोयीने चालकाच्या पायाची साक्ष बंद केली. जी झीज पूर्वी प्रत्येक वेळी जाणवत होती, ती आता धातू धातूला लागेपर्यंत जाणवेनाशी झाली. झिजेच्या कृत्रिम सूचकाची गरज निर्माण झाली ती येथे.

४. तांबडा दिवा

फलकावरील ब्रेकच्या तांबड्या दिव्याचा उगम मात्र झिजेत नाही. तो द्रव-गळतीच्या भीतीत आहे. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीपासून चारही चाकांचे द्रवचालित ब्रेक प्रवासी मोटारींत आले. त्यांत एकच मंडल असल्याने एक नळी फुटली की सर्व चाकांचे ब्रेक एकदम जात. अमेरिकेतील संघीय सुरक्षा-मानक क्रमांक १०५ अन्वये १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींत दोन स्वतंत्र द्रवमंडले आणि त्यांतील एक निकामी झाल्याचे सांगणारा दिवा आवश्यक ठरला. दोन मंडलांच्या दाबांत फरक पडला की मधला लहान पिस्टन सरकून दिव्याचा संपर्क जुळवी. काही रचनांत पेडल दाबलेले असतानाच हा दिवा लागे. म्हणजे खंडित संकेत हा येथे बिघाड नसून रचनेचाच स्वभाव होता.

पुढे ब्रेक ऑईलच्या टाकीत तरंगणारा तरंडा बसवून पातळी घटल्याचा इशारा देण्याची रीत रूढ झाली, आणि हाच दिवा हातब्रेकलाही जोडण्यात आला. ह्यामुळे पॅडच्या झिजेशी त्याचा अप्रत्यक्ष संबंध जडला. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागील पोकळी ऑईलने भरते, आणि टाकीतील पातळी त्या मानाने उतरते. ती किमान रेषेजवळ आली असता वळणावर, उतारावर किंवा जोराने ब्रेक दाबताना ऑईल एका बाजूस कलते, तरंडा क्षणभर खाली जातो आणि दिवा लुकलुकतो. अशा वेळी टाकीत ऑईल ओतले की दिवा विझतो. पण विझतो तो इशारा, कारण कायमच राहते. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच जादा ऑईल टाकीतून बाहेर सांडते.

५. पॅडमधील तार : दोन संप्रदाय

झिजेचे प्रत्यक्ष सूचक तीन प्रकारचे आहेत. पहिला निव्वळ यांत्रिक : पॅडच्या पाठीला लावलेली पोलादी पट्टी, झीज मर्यादेला पोहोचताच चकतीला घासून किंचाळते. येथे दिव्याचा प्रश्नच नाही. उरलेले दोन विद्युत्-सूचक म्हणजे रॉबिन्सनच्या १८७० व १८७२ च्या रचनांचेच वारसदार होत.

एकतारी सूचकात पॅडच्या अस्तरात ठरावीक खोलीवर तारेचे टोक पुरलेले असते. अस्तर तेथवर झिजले की टोक चकतीला टेकते, तारेला गाडीच्या सांगाड्यामार्फत अर्थिंग मिळते आणि दिवा लागतो. हे खुले मंडल होय. ह्यात आरंभी टोक फक्त ब्रेक दाबल्यावरच टेकते. म्हणून ब्रेकबरोबर लागणारा व पाय उचलताच विझणारा दिवा हा खऱ्या इशाऱ्याचा पहिला टप्पा असतो. ‘सैल वायर’ म्हणून त्याला झटकणे म्हणजे साक्षीदार बोलू लागताच त्याचे तोंड बंद करणे होय. ह्या रचनेत खरोखरच तुटलेली तार सहसा खोटा इशारा देत नाही. ती केवळ गप्प राहते, आणि तीच अधिक घातक. किल्ली फिरवताच दिवा क्षणभर लागतो त्यावरून दिवा शाबूत आहे एवढेच सिद्ध होते. चाकापर्यंतची तार शाबूत असल्याचे नव्हे.

दुतारी सूचकात तारेचे वेटोळे पॅडमध्ये बसवून त्यातून प्रवाह सतत फिरता ठेवतात. चकतीने वेटोळे कापले की प्रवाह तुटतो आणि दिवा लागतो. हे बंद मंडल होय. येथे गंजलेला कनेक्टर, किंवा स्टिअरिंगबरोबर वर्षानुवर्षे वाकून आतल्या आत तुटलेली तार, हेही दिवा लावतात. खोट्या इशाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढते. परंतु चूक सुरक्षिततेच्या बाजूस होते. ह्यातही एक बारकावा आहे : नुकत्याच कापल्या गेलेल्या वेटोळ्याची टोके चकतीला टेकून प्रवाह मधूनमधून पुन्हा जुळू शकतो. म्हणून दुतारी सूचकातील खंडित दिवाही खरा असू शकतो. शिवाय काही गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकदा आलेला संकेत काही काळ धरून ठेवते; तेथे दिवा लागलेला काळ हा बिघाडाचाच काळ समजता येत नाही.

६. निदानाची रीत

वरील इतिहास ध्यानात घेतला म्हणजे निदानाचा क्रम आपोआप ठरतो.

प्रथम दिवा कोणता हे पाहावे. सामान्यतः तांबडा दिवा द्रवाचा व हातब्रेकचा, पिवळा दिवा झिजेचा असतो; काही गाड्यांत मात्र एकाच दिव्यावर अनेक कामे सोपवलेली असतात, म्हणून निर्मात्याची पुस्तिका पाहणे आवश्यक आहे. तांबडा दिवा असून पेडल मऊ लागत असेल अथवा खाली जात असेल, तर गाडी चालवणे थांबवावे.

नंतर दिवा कोणत्या प्रसंगी लागतो ह्याची नोंद करावी. ब्रेक दाबताना, स्टिअरिंग पूर्ण वळवताना, खड्ड्यांतून जाताना, पावसानंतर : प्रत्येक प्रसंग वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. ब्रेकबरोबर येणारा संकेत पॅडकडे, स्टिअरिंगबरोबर येणारा चाकाजवळच्या तारेकडे, पाण्याबरोबर येणारा कनेक्टरकडे, आणि वळणा-उताराबरोबर येणारा टाकीतील पातळीकडे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष मापनाची, आणि ती कोणत्याही तर्काने टाळता येत नाही. चाक काढून प्रत्येक पॅडचे अस्तर मोजावे. नव्या अस्तराची जाडी सर्वसाधारणपणे १० ते १२ मिलिमीटर असते. ती २ ते ३ मिलिमीटरवर आली की पॅड बदलण्याची वेळ आली. आतील व बाहेरील दोन्ही पॅड पाहावेत. कारण सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या की आतला पॅड बाहेरच्यापेक्षा पुष्कळ लवकर झिजतो. पुष्कळ गाड्यांत आसामागे एकाच पॅडला सूचक असतो. उरलेल्यांविषयी तो काहीच सांगत नाही.

पॅड जाड निघाले तरच तारेची परीक्षा करावी. एकतारी सूचकात कनेक्टर सोडवावा : दिवा विझला तर दोष चाकाकडे, न विझला तर गाडीच्या आतील वायरिंगमध्ये. दुतारी सूचकात कनेक्टर सोडवून गाडीकडील दोन टोके तात्पुरती जोडावीत : दिवा विझला तर दोष सूचकात, न विझला तर गाडीकडे, मात्र संकेत धरून ठेवणाऱ्या यंत्रणेत तो पुस्तिकेप्रमाणे पुसल्यावाचून निष्कर्ष काढू नये. दुतारी सूचकाचा कनेक्टर नुसता सोडवला तर दिवा लागणारच, आणि एकतारीची टोके सांगाड्याला जोडली तरी लागणारच. कृती तीच, पण संप्रदाय बदलला की तिचा अर्थ उलटतो. रचना न ओळखता केलेली परीक्षा म्हणूनच निरुपयोगी ठरते.

७. समारोप

खंडित इशारा हा अर्धवट इशारा नव्हे. तो परिस्थितीसह वाचावयाचा पूर्ण इशारा आहे. साधनग्रंथ वाचताना लेखक कोण, तो कोठे उभा होता आणि तो कशाविषयी गप्प राहिला, हे आपण विचारतो. दिव्यालाही हेच प्रश्न लागू पडतात, आणि त्यांची उत्तरे तारेच्या घडणीत सापडतात. आर्मा येथे सुटलेल्या डब्यांचा ब्रेक लावील अशी योजनाच नव्हती. आजच्या मोटारीत सूचक आहे, पण त्याचे मौन निर्धास्तपणे वाचण्याची सवय तीच आहे.

ह्या विषयाचा पुढील अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी वाहनांच्या जुन्या दुरुस्ती-पुस्तिका, पेटंटे व अपघात-चौकशीचे अहवाल ह्या साधनांकडे वळावे. ग्रंथालयांतून ही साधने बहुधा टाकाऊ समजली जातात. तंत्रविद्येच्या सामाजिक इतिहासाची पुष्कळशी सामग्री मात्र त्यांतच पडून आहे.