बडोदे संस्थानातील प्राचीन वास्तू आणि छायाचित्रणकला

प्राचीन वास्तू सांभाळावयाची तर ती आज कोणत्या अवस्थेत उभी आहे याची विश्वसनीय नोंद प्रथम हवी. चित्रकाराचे रेखाटन कितीही सुबक असले, तरी भंगलेली मूर्ती त्याच्या हातून नकळत सांधली जाते. कॅमेरा भग्न ते भग्नच दाखवितो.

पश्चिम भारतात कंपनी सरकारने हे लवकर ओळखले. १८५५ मध्ये तोफखान्याचे कॅप्टन टॉमस बिग्ज यांची या कामी नेमणूक होऊन त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांची अहमदाबादची छायाचित्रे १८६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यास होप यांचे ऐतिहासिक निवेदन व फर्ग्युसन यांच्या वास्तुविषयक टिपा जोडलेल्या होत्या.

१८७४ पासून पश्चिम भारताचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण जेम्स बर्जेस यांनी चालविले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकीर्दीत बर्जेस व त्यांचे सहकारी हेन्री कझिन्स यांचे दोन ग्रंथ निघाले. बडोद्याजवळील डभोईची प्रसिद्ध हिरा भागोळ व तिला लागून असलेले कालिकामातेचे मंदिर यांसह त्या नगरीच्या वास्तूंवरील ग्रंथ १८८८ चा. दुसरा, उत्तर गुजरातेवरील, १९०३ चा. बडोदे संस्थानातील जिल्ह्यांचा निर्देश त्याच्या शीर्षकातच आहे. त्यात मोढेऱ्याच्या सूर्यमंदिराची छायाचित्रे आहेत. त्यांच्या जोडीला मोजमापाचे नकाशेही दिले आहेत. कारण छायाचित्र रूप सांगते, माप सांगत नाही.

छायाचित्राची दुसरी मर्यादा पाटणला दिसते. ११ व्या शतकात राणी उदयमतीने बांधविलेली वाव बर्जेस व कझिन्स यांनी पाहिली तेव्हा गाळाने भरली होती. एक प्रचंड खड्डा व थोडे खांब एवढेच वर दिसत होते. जे मातीखाली होते ते कॅमेऱ्याला कोठून दिसणार? बडोदे संस्थानने १९४० च्या दशकात तेथे उत्खनन केले, १९८६ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याने मोठे काम हाती घेतले आणि २०१४ मध्ये ती वाव जागतिक वारसा ठरली. गाळाने भरलेल्या वावेची जुनी नोंद नसती, तर या श्रमांचे मोल आज कळले नसते.

देवालयांचे जीर्णोद्धार पिढ्यान्‌पिढ्या होतच राहणार. परंतु एकदा उतरविलेली जुनी तुळई वा हलविलेला खांब मूळ कोठे होता, हे पुढे केवळ स्मरणावर सांगता येत नाही. म्हणून पहिला चिरा काढण्यापूर्वी चोहोबाजूंनी छायाचित्रे घ्यावी, त्यांवर तारीख व स्थान लिहावे, मापे टिपावी आणि ती देवस्थानच्या दप्तरात जपावी. खर्च अल्प आहे. पण वेळ एकदाच येते.