शाळेची वेळ झाली की पोटात का दुखते? स्वमग्नता, एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

सोमवारी सकाळी पोटात दुखते, मळमळते. शाळेची वेळ टळली की मूल खेळायला लागते. रविवारी काहीच नसते. घरचे म्हणतात, नाटक आहे. पण हे दुखणे खरे असते. भीतीमुळे आतड्यांची हालचाल बदलते आणि भीतीचे कारण टळले की कळ थांबते.

तरीही आधी डॉक्टरांना दाखवा. ताप, घटणारे वजन, शौचातून रक्त किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल तर ते ताणामुळे आहे असे धरून चालू नका. बद्धकोष्ठता, नजर आणि ऐकूही तपासून घ्या. वर्गात काही क्षण हरवल्यासारखे बघत राहणे हा कधी कधी फिटचाही प्रकार असतो.

"का जात नाहीस?" या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. त्याऐवजी बस, परिपाठ, मधली सुट्टी, शौचालय असे एकेक विचारा. स्वमग्न मुलाला आवाज सहन होत नाही. आपल्या मुळशीत पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळतात, त्यात वर्गाचा गलका आणि पायात ओले मोजे. इतरांना याची सवय होते, त्याला होत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला सर्वांसमोर वाचायला उभे करण्याची धास्ती असते, तर एडीएचडी असलेले मूल रोजच्या ओरडण्याने खचते. काही मुले दिवसभर सगळे दाबून ठेवतात आणि घरी येऊन आदळआपट करतात. "शाळेत तर शहाणा असतो" हे बाईंचे म्हणणे आणि तुमची तक्रार, दोन्ही खरे असू शकते.

ओढत नेऊ नका, मारू नका. पण महिनोन्‌महिने घरीही ठेवू नका, कारण खंड वाढला की परतणे अवघड होते. शाळेशी बोलून सुरुवातीला दोनच तासिका, एक ठरलेल्या बाई, बसायला शांत कोपरा आणि मोठ्याने वाचनातून सूट असे ठरवा. बुद्धीचे टॉनिक मागायला बरेच जण येतात. त्याने यात काही फरक पडत नाही.

सरकारी व अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांना हे जरूर सांगा. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा तुमच्या डॉक्टरांकडून औंध जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचे नाव मात्र नाही. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास 6 ते 18 वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार मुलाला मारता येत नाही, मानसिक छळ करता येत नाही आणि आठवीपर्यंत शाळेतून काढूनही टाकता येत नाही.

मूल "मला जगायचे नाही" म्हणाले, स्वतःला इजा करू लागले किंवा खाणेपिणे सोडले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात आणा. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येते.