बिनतारी जोडफलकाची वहिवाट

भारतात बिनतारी संदेशवहनाचे साधन नुसते जवळ बाळगावयाचे झाले तरी १९३३ सालच्या कायद्यान्वये सरकारी परवाना लागे. साधे रेडिओयंत्र घरी आणणाऱ्या गृहस्थालाही टपालकचेरीत फी भरून परवान्याचे नूतनीकरण करावे लागे, आणि लहरी ग्रहण करण्याऐवजी त्या प्रक्षेपित करण्याची ज्याला हौस असे त्याला तर रीतसर परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारदप्तरी स्वतःची नोंद करावी लागे. आज शाळकरी मुलगी तळहाताएवढ्या मायक्रोकंट्रोलर फलकावर बिनतारी जोडफलक बसवते आणि पलीकडच्या खोलीतील तापमापकाची नोंद कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता मिळवते. हे केवढ्या स्थित्यंतराचे फळ आहे, ते त्या जुन्या बंधनांचे स्मरण ठेवल्यावाचून ध्यानात यावयाचे नाही.

१९४७ साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा लहरीपट्टा उद्योग, विज्ञान व वैद्यक यांतील यंत्रांसाठी राखून ठेवला. पुढे सूक्ष्मलहरींच्या भट्ट्या त्यात चालू लागल्या आणि संदेशवहनाच्या दृष्टीने तो पट्टा टाकाऊ ठरला. ह्या टाकाऊ मुलखात, ठराविक मर्यादेत शक्ती वापरणाऱ्या व आपला संकेत विस्तृत पट्ट्यावर पसरवणाऱ्या यंत्रांना विनापरवाना वावरण्याची मुभा अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५ साली दिली. भारत सरकारने तशीच तजवीज अधिसूचनेद्वारे जानेवारी २००५ मध्ये केली.

त्याच वर्षी, वायव्य इटलीतील इव्रेया ह्या लहानशा गावात, आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलर फलक जन्मास आला. इव्रेया म्हणजे ऑलिव्हेत्तीचे गाव. १९०८ साली तेथे ह्या कंपनीचा टंकलेखनयंत्रांचा कारखाना निघाला, आणि १९६५ साली लोकांपुढे आलेला ‘प्रोग्रामा १०१’ हा मेजावर मावणारा गणक त्याच कंपनीचा. तेथील संकल्पनशिक्षण देणाऱ्या संस्थेत एर्नान्दो बार्रागान ह्या कोलंबियन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची प्रणाली रचली, आणि तिच्याच पायावर मास्सिमो बांझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक स्वस्त फलक उभा केला. बार्रागानचे ऋण पुष्कळ काळ पुरेशा स्पष्टपणे सांगितले गेले नाही, असे माझे मत आहे. संस्था बंद पडण्याच्या बेतात होती. तिच्याबरोबर आपले कामही कुलुपात अडकू नये म्हणून कर्त्यांनी फलकाचे आराखडे सर्वांना खुले करून टाकले.

त्या आराखड्यात एक चूक राहून गेली. फलकाच्या कडेने बसवलेल्या छिद्रपट्ट्यांत लगतच्या दोन छिद्रांमधील अंतर सर्वत्र एक दशांश इंच असावयास हवे होते. परंतु सातव्या व आठव्या अंकीय पिनांमध्ये ते ०.१६ इंच भरले. चूक ध्यानात येईपर्यंत ह्या मापावर बेतलेले जोडफलक लोकांच्या हाती पडले होते, आणि फलक सुधारला असता तर ते सारे निरुपयोगी ठरले असते. शेताच्या बांधावरून लोक जाऊ-येऊ लागले की मालकालाही ती वाट नांगरता येत नाही, तसे ह्या तफावतीचे झाले. खुल्या आराखड्याची ही अपरिहार्य किंमत आहे, आणि ती चुकती करण्यात कर्त्यांनी दाखवलेली सचोटी मला फलकाच्या चातुर्याहून मोठी वाटते.

आरंभीच्या काळात ज्या बिनतारी जोडफलकाने हौशी मंडळींना वेड लावले तो ‘एक्सबी’ ह्या रेडिओघटकाचा. स्पेनमधील लिबेलियम कंपनीच्या सहकार्याने तो सिद्ध झाला. घटकाला वीस पिना, परंतु त्यांतील अंतर दोन मिलिमीटर, म्हणजे प्रयोगफलकाच्या २.५४ मिलिमीटरांशी न जुळणारे; त्याला वीज हवी ३.३ व्होल्टची, तर मूळ फलक चाले ५ व्होल्टवर. जोडफलकाचे अर्धे काम ह्या दोन विसंगतींत मध्यस्थी करण्याचे. छिद्रपट्ट्या सरळ उभ्या धरून एकेका पिनेला कथिलाचा डाग द्यावयाचा, दोन डाग एकमेकांत मिसळले नाहीत याची भिंगातून खातरजमा करावयाची, आणि मग दोन इवल्या जंपरांकडे लक्ष पुरवावयाचे. कारण मायक्रोकंट्रोलरशी बोलण्याची क्रमिक वाट एकच, तीवर एका बाजूने संगणक व दुसऱ्या बाजूने रेडिओ हक्क सांगणार, आणि जंपर चुकीच्या जागी राहिले की नवा प्रोग्राम फलकात उतरतच नाही.

एकाच वाटेवर दोन प्रकारची वाहतूक, हा प्रश्न मात्र पुष्कळ जुना होता. १९८१ साली अटलांटाजवळ डेनिस हेझ व डेल हेदरिंग्टन यांनी टेलिफोनच्या तारेसाठी ‘स्मार्टमोडेम’ काढला, तेव्हा संगणकाकडून येणारे अक्षर पलीकडे पोचवावयाचा मजकूर आहे की खुद्द मोडेमला दिलेली आज्ञा आहे, हे ठरवणे प्राप्त झाले. त्यांनी आज्ञेच्या आरंभी ‘एटी’ ही दोन अक्षरे नेमली. आणि मजकूर चालू असता आज्ञेकडे वळावयाचे तर एक सेकंद संपूर्ण स्तब्धता, मग तीन अधिकचिन्हे, मग पुन्हा सेकंदभर स्तब्धता, असा संकेत ठरवला. नुसती तीन चिन्हे मजकुरातही येऊ शकतात. परंतु भरधाव वाहणाऱ्या मजकुरात दोन्ही बाजूंनी मौन पाळलेली तीन चिन्हे सहसा सापडत नाहीत, हे त्यांनी ओळखले. एवढ्या अल्प साधनांत एवढा निर्णायक विवेक साधल्याची उदाहरणे ह्या विद्येत मला फार थोडी आढळली आहेत. हेझची कंपनी विसावे शतक संपण्यापूर्वीच बुडाली, तारेवरचे मोडेम अडगळीत गेले. तथापि तार नसलेल्या एक्सबीला त्याचा स्वतःचा पत्ता, सोबत्याचा पत्ता व जाळ्याचा क्रमांक शिकवताना प्रोग्राम लिहिणारा तोच सेकंदभराचा विराम ठेवतो, तीच तीन चिन्हे धाडतो, ‘ओके’ असे उत्तर येण्याची प्रतीक्षा करतो, आणि अखेरच्या आज्ञेने ती शिकवण घटकाच्या कायम स्मृतीत नोंदवून ठेवतो.

२०१४ साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी८२६६’ चिप आठ पिनांच्या लहानग्या फलकावर बसून आली आणि वायफाय अत्यंत स्वस्त झाले. तीही प्रथम ‘एटी’ आज्ञाच ऐकत असे. लवकरच लोकांना कळले की ह्या चिपमधला मायक्रोकंट्रोलर मूळ फलकावरच्याहून कितीतरी समर्थ आहे. तेव्हा एक पिन जमिनीला जोडून ते थेट तिच्यातच प्रोग्राम भरू लागले, आणि पुष्कळ कामांपुरती तरी मूळ फलकाची गरजच उरली नाही. २०२३ साली आर्डुइनोने स्वतःच वायफायसह ‘उनो आर४’ फलक काढला. त्यावर मुख्य मायक्रोकंट्रोलरशेजारी एस्प्रेसिफचीच चिप बसलेली आहे. त्या दोघांचे संभाषण ‘एटी’ आज्ञांच्या धर्तीवर चालते, आणि सातव्या व आठव्या पिनांमधले अंतर ०.१६ इंच आहे.