अपघात, भरपाई आणि वकील

मनुष्य मेला कीं त्याचा दावाही मेला, असें इंग्रजी कायद्याचें एक जुनें सूत्र होतें. गाडीखालीं पाय गमावणाऱ्यास भरपाई मागतां येई; प्राण गमावणाऱ्याच्या विधवेस मात्र रिकाम्या हातीं परतावें लागे. आगगाड्यांच्या युगांत हा अन्याय डोळ्यांत खुपूं लागला, तेव्हां १८४६ सालीं लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकारानें ब्रिटिश पार्लमेंटनें वारसांस दाव्याचा हक्क दिला. हिंदुस्थानांत तो १८५५ च्या तेराव्या कायद्यानें आला.

परंतु हक्क मिळणें निराळें आणि पैसा हातीं पडणें निराळें. मोटारी रस्त्यावर आल्यानंतरही मृताच्या कुटुंबास दिवाणी न्यायालयांत जावें लागे, वकील द्यावा लागे आणि मागणीच्या प्रमाणांत कोर्ट फी भरावी लागे. कर्ता पुरुष गेलेल्या घरानें हा खर्च आणावा कोठून? आणि मोटारवाला निर्धन निघाला तर जिंकलेला हुकूमनामाही नुसता कागदच राही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें त्रयस्थांसाठीं विमा सक्तीचा केला. ती कलमें १९४६ पासून अमलांत आलीं. १९५६ च्या दुरुस्तीनें भरपाईच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. १९८२ सालीं, चूक कोणाची हें सिद्ध न करतांही, मृत्यूबद्दल १५,००० रुपये मिळूं लागले. ते घेऊनही अधिक भरपाई मागण्याचा मार्ग खुला असे.

२०१९ च्या दुरुस्तीनें हा आंकडा ५ लाखांवर नेला व गंभीर दुखापतीस अडीच लाख ठेविले. पोलिसांचा अपघात-अहवालच न्यायाधिकरणानें अर्ज म्हणून धरावा, असेंही कायद्यांत आहे. मग वकील हवा कशाला? त्याचें उत्तर एका अटींत आहे. ही ठरीव रक्कम एकदां स्वीकारली कीं अधिक भरपाईचा दावा आतां संपतो.

येथें थोडें गणित पाहण्यासारखें आहे. तीस वर्षांचा, दरमहा २०,००० रुपये मिळविणारा एक गृहस्थ. मागें पत्नी, मूल व वृद्ध आई. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं घालून दिलेल्या रीतीप्रमाणें वार्षिक २,४०,००० मधून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा जातां १,६०,००० उरतात. त्या वयाचा गुणक १७. म्हणजे भरपाई २७,२०,००० रुपये होते. भावी उत्पन्नवाढीची रक्कम याहून वेगळी. मात्र येथें समोरच्या चालकाची हयगय सिद्ध करावी लागते. मृताचीही चूक ठरल्यास त्या प्रमाणांत रक्कम घटते.

म्हणून किरकोळ दुखापत असून चूक निर्विवाद असेल, तर लोकअदालतींत वकिलावांचूनही काम भागूं शकतें. मृत्यु, कायमचें अपंगत्व किंवा दोषाविषयीं वाद असेल, तेथें विमा कंपनीच्या कागदावर सही करण्यापूर्वींच वकिलाचा सल्ला घेणें शहाणपणाचें. सहा महिन्यांच्या आंत अर्ज करण्याची अटही २०१९ च्या दुरुस्तींत आहे, तेव्हां विलंब नको. भरपाईंत हिस्सा मागण्यास वकिलांस बार कौन्सिलच्या नियमांनीं मनाई आहे. फी आधींच ठरवून घ्यावी.

आणि फीच परवडत नसेल तर? १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रिया व मुलें यांस, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. जिल्हा न्यायालयांतील प्राधिकरणाच्या कचेरींत त्यासाठीं अर्ज करतां येतो. एके काळीं जिला दावाच करतां येत नव्हता, त्या विधवेला आज वकीलही विनामूल्य मिळूं शकतो. मात्र ती सही होण्यापूर्वीं तेथें पोंचली पाहिजे.